स्वयंपाकघराचं काम काढतोय – चिमणी, हॉब, डिशवॉशर, फ्रीज कसं निवडायचं?

ताकभात – ८ जानेवारी, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच गोंधळ उडालाय. आमचा फ्लॅट कोथरूडला, १९९४ च्या बिल्डिंगमधला, तिसरा मजला. स्वयंपाकघर आठ बाय दहा, त्याला लागून साडेतीन फुटांची ड्राय बाल्कनी. ओटा ३२ इंचाचा, खाली कडप्प्याच्या फळ्या, ट्रॉल्या नाहीत, आणि भिंतीतला एक्झॉस्ट फॅन तेल बसून बसून आता जवळजवळ बंद पडलाय. मुलीची दहावी संपली की एप्रिलमध्ये ओटा तोडायचा असं ठरलंय.

घरात पाच माणसं. मी आणि नवरा नोकरीवाले, सासूबाई चौऱ्याहत्तरच्या पण सकाळची पोळी-भाजी अजून त्याच करतात आणि त्यांना ती करायचीच असते. त्यांची उंची चार फूट अकरा, माझी पाच पाच. रोज पोळ्या, आठवड्यातून दोन-तीनदा भाकरी, रविवारी मासे, सणावाराला तळण. गॅस पाइपचा आहे.

तीन दुकानं फिरून आलो. एक म्हणतो १२०० सक्शनची चिमणी पुरे, दुसरा म्हणतो १५०० च्या खाली बघूच नका, तिसरा म्हणतो हल्ली शेगडी कोणी घेत नाही हॉबच (ओट्यात कापून बसवायची शेगडी) बसवा. डिशवॉशर घ्यायचा की नाही यावर घरातच दोन मतं. उपकरणांसाठी पावणेदोन लाख बाजूला ठेवलेत, ट्रॉल्यांचे पैसे वेगळे. कुठल्या कंपनीचं काय घ्यावं सांगाल का? अनुभव असेल तर जास्त बरं.

कडीपत्ता – ८ जानेवारी, रात्री ११:४०

कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा, मनापासून सांगतेय. आम्ही उलटं केलं होतं, दिवाळीच्या सेलमध्ये आधी वस्तू घेऊन ठेवल्या आणि मग त्या बसतील तसं किचन केलं. फ्रीज घेतला तो भिंतीला चिकटलेल्या कोपऱ्यात आला आणि त्याचं दार बिजागरीच्या बाजूने ९० अंशांपर्यंतच उघडतं, त्यामुळे आतला भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येतच नाही, सहा वर्षं झाली मी तो तिरका करून काढतेय. मोजमाप घेताना माणूस फक्त फ्रीजची रुंदी बघतो, दार किती उघडतं ते बघतच नाही. बिजागरीच्या बाजूला भिंत असेल तर तिकडे तीन-चार इंच जागा सोडाच.

आणि एक आठवडाभर कागदावर लिहून काढा की घरात रोज काय काय शिजतं, कोण कुठे उभं राहतं, कणीक कुठे मळली जाते. हे बाकी कुणीच विचारत नाही, ट्रॉलीवाला तर नाहीच नाही.

फेज_न्यूट्रल – ९ जानेवारी, सकाळी ७:१५

मी सांगलीला वायरिंगचं काम करतो, वीस वर्षं झाली. ताई तुमची बिल्डिंग १९९४ ची म्हणजे किचनला बहुतेक एकच सर्किट असणार आणि त्यावर फ्रीज, मिक्सर, ओव्हन सगळं. आधी ते बघा. १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३६८० वॅट देतो, साधा ६ अँपिअरचा १३८० वॅट. आता इंडक्शन २००० वॅट, डिशवॉशर पाणी तापवताना २००० च्या आसपास, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन हजारांच्या घरात, म्हणजे यातली कुठलीही दोन एका सॉकेटवर एक्स्टेंशन लावून चालवली की वायर तापणारच. प्रत्येकाला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरची लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्या, फ्रीज-मिक्सरच्या पॉइंटना २.५ चालते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी, ओट्यावर पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्याला मागे वायरच नसते असं मी कितीतरी घरांत बघितलंय.

दुसरी गोष्ट, पॉइंट मशिनच्या बरोबर मागे काढू नका. प्लग दोन इंच बाहेर येतो, मग मशिन तेवढंच पुढे सरकतं आणि ट्रॉल्यांच्या रेषेतून बाहेर दिसतं, शिवाय बंद करायचं तर मशिन ओढावं लागतं. शेजारच्या कपाटात काढा, हात पोचेल असा. चिमणीचा पॉइंट वर साडेसात फुटांवर. बऱ्याच हॉबच्या लायटरला पण ६ अँपिअरचा पॉइंट लागतो, तो सगळेच विसरतात आणि मग टाइल्स लागल्यावर मला फोन येतो.

सोलकढी – ९ जानेवारी, दुपारी १:२०

मडगावहून. आमच्याकडे मासे रोजचेच, त्यामुळे चिमणीवर बोलायचा हक्क आहे असं समजते. ते १२०० आणि १५०० चे आकडे घनमीटर ताशी असतात आणि ते पाइप न लावता मोजलेले असतात, घरी पाइप लावला की आकडा खाली येतो, किती खाली येतो हे पाइपवर ठरतं. तुमचं किचन आठ बाय दहा आणि उंची साडेनऊ धरली तर ७६० घनफूट म्हणजे साडेएकवीस घनमीटर होतं. तासाला दहा ते पंधरा वेळा हवा बदलायची म्हटलं तर २१५ ते ३२० घनमीटर लागतं. म्हणजे १२०० वालीसुद्धा कागदावर चौपट आहे. तरी लोकांच्या घरात वास भरून राहतो तो पाइपमुळे.

पाइप सहा इंचाचा असेल तर भिंतीतलं भोकही सहा इंचाचंच हवं. बरेच जण चार इंचाचं पाडतात आणि पाइप दाबून आत कोंबतात, तेवढ्यात वाट निम्म्याहून कमी होते. वळणं जितकी कमी तितकं बरं, सरळ बाहेर गेला तर उत्तम, एक वळण ठीक, तीन वळणं असतील तर चिमणी कितीही महाग घ्या बांगड्याचा वास हॉलमध्ये येणारच. आणि शेगडीपासून चिमणीची खालची कड ६५ ते ७५ सेंटीमीटरवर, डोक्याला लागते म्हणून लोक वर घेतात आणि मग धूर बाजूने निसटतो. चार बर्नर असतील तर ९० सेंटीमीटरची घ्या, ६० ची बाहेरच्या बर्नरवरचा धूर घेत नाही.

चालू केली की घरातली दुसरी एखादी खिडकी किलकिली ठेवायची. बाहेर हवा जायची तर आत कुठून तरी यायला नको का.

न्यूजर्सीकर – ९ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

सोलकढी यांच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. इथे घर घेतलं तेव्हा शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आणि त्यातच पंखा अशी व्यवस्था होती, पण तो पंखा धूर बाहेर टाकतच नव्हता, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत तोंडावरच सोडत होता. मोहरी-हिंगाची फोडणी दिली की स्मोक अलार्म. आई भारतातून आली होती, तिला इतकं अपराधी वाटायचं की तिने फोडणी देणंच बंद केलं होतं, ते मला फार लागलं. मग छताकडून डक्ट काढून खरा हूड बसवला. इथल्या नियमावलीत ४०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वरचा, म्हणजे साधारण ६८० घनमीटर ताशीच्या वरचा हूड लावला तर तेवढी बाहेरची हवा आत आणायची सोय करावी लागते, कारण घरं घट्ट बंद असतात. भारतात खिडक्या असतात म्हणून हे लक्षात येत नाही. तुम्हाला डक्टलेस चिमणी कोणी सुचवली तर घेऊ नका, भिंत बाहेरची असताना तर नाहीच.

आणखी एक, इथून कोणी नातेवाईक मोठा मिक्सर किंवा ओव्हन पाठवतो म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा. इथला वीजपुरवठा १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाहीत.

ताकभात – ९ जानेवारी, रात्री १०:३०

बापरे, एका दिवसात किती माहिती दिलीत सगळ्यांनी, खूप धन्यवाद. वायरमनदादा, तुमचं बरोबर निघालं, आमच्या किचनला खरंच एकच एमसीबी आहे. कडीपत्ता, लिहायला सुरुवात केलीय. आज पहिल्यांदा लक्षात आलं की सासूबाई कणीक ओट्यावर मळतच नाहीत, त्या डायनिंग टेबलाशी बसून मळतात कारण ओटा उंच पडतो, आणि ३२ इंचाचा ओटा मला मात्र कमी पडतो, भाजी चिरून पाठ दुखते. आता ट्रॉलीवाला म्हणतोय डिशवॉशर ओट्याखाली हवा तर ओटा ३६ इंच करावा लागेल. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा बघितला. आम्हाला त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं नाहीये.

ओळंबा – १० जानेवारी, सकाळी ९:००

मी सिव्हिलमधला, किचनची कामं बरीच केली आहेत. तुमचा प्रश्न खरा इथेच आहे, ब्रँडमध्ये नाही.

आकडे बघा. फ्रीस्टँडिंग, म्हणजे सुटा उभा राहणारा, डिशवॉशर ८४.५ सेंटीमीटर उंच असतो, बऱ्याच मॉडेलचं वरचं झाकण काढलं तर ८१.५-८२ पर्यंत येतो. रुंदी-खोली ६०. ओट्याची उंची आपण वरून मोजतो, पण ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा मिळून दीड-दोन इंच जातात. म्हणजे ३४ इंचाच्या ओट्याखाली मोकळी जागा ३२ इंच, ८१ सेंटीमीटर, थोडक्यात हुकतं. म्हणून ट्रॉलीवाला ३६ म्हणतोय, त्याच्या बाजूने तो बरोबर आहे.

पण माणसाचं गणित वेगळं. काम करायचा पृष्ठभाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. चार फूट अकराच्या बाईला तो साधारण ३२ इंच येतो, पाच पाचला ३५. आता यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आत्ता तुमच्या ३२ इंचाच्या ओट्यावर शेगडी ठेवलीय, ती स्वतः चार-साडेचार इंच उंच. म्हणजे कढई ठेवायची पातळी ३६ च्या वर आहे आणि सासूबाई रोज तिथे शिजवतायत. हॉब ग्रॅनाइट कापून आत बसतो, वर जेमतेम दीड-दोन इंच येतो. म्हणजे ३४ इंचाचा ओटा केलात आणि हॉब घेतलात तर शिजवायची पातळी वाढत नाही, झाली तर थोडी कमीच होते, आणि चिरायला तुम्हाला दोन इंच जास्त मिळतात. हॉब घ्यायचा तर या कारणासाठी घ्या, दिसतो म्हणून नको.

आणि डिशवॉशर ड्राय बाल्कनीत टाका, वॉशिंग मशिनशेजारी. पाणी आहे, आउटलेट आहे, उंचीचा प्रश्नच मिटला. सासूबाईंसाठी ओट्याच्या खालच्या कपाटात, २८ इंचावर, बाहेर ओढायची एक जाड फळी करून घ्या, खुर्चीत बसून कणीक मळता येईल, पोळ्या लाटता येतील. चांगल्या हेवी चॅनेलवर बसवा, मळताना जोर पडतो.

ट्रॉल्यांना सिंकखाली तरी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० छापलेलं असतं, छाप दाखवल्याशिवाय कापू देऊ नका.

दालचिनी – १० जानेवारी, दुपारी ३:१०

हॉबबद्दल माझा वाईट अनुभव लिहिते. आमच्या हॉबची काच दुपारी अचानक फुटली, मोठा आवाज आणि ओटाभर काचेचे दाणे, मुलगा दोन मिनिटं आधीच तिथून गेला होता. कंपनीने वॉरंटीत काच येत नाही सांगितलं. नंतर एका जाणत्या मेकॅनिकने विचारलं की मोठं पातेलं ठेवता का, तर हो, पुरणाचं मोठं पातेलं बर्नरच्या बाहेर सहा इंच येत होतं आणि ज्वाळा खालून काचेवर पसरत होती. शिवाय मी गरम काच ओल्या फडक्याने पुसायचे. टफन्ड काच अशीच जाते, तडा जात नाही, एकदम भुगा होते. आता मोठ्या पातेल्यासाठी ड्राय बाल्कनीत वेगळी स्टीलची शेगडी ठेवलीय. घ्यायचाच तर काच ८ मिलिमीटरची, बर्नर पूर्ण पितळेचे, आणि दोन बर्नरमधलं अंतर स्वतःची कढई आणि कुकर दुकानात नेऊन ठेवून बघा, मी खरंच नेला होता दुसऱ्यांदा.

पाइप गॅस असेल तर दुकानदाराला आधी सांगा. पाइप गॅसचा दाब सिलिंडरपेक्षा कमी असतो त्यामुळे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) मोठे लागतात, सिलिंडरचे जेट राहिले तर ज्वाळा बारीक येते आणि तुम्हाला वाटतं हॉबच खराब. आणि मीटर-व्हॉल्व्ह ट्रॉलीच्या मागे बंद करू देऊ नका, पाइप हलवायचा तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून.

हुरडा – १० जानेवारी, संध्याकाळी ७:४५

मी सोलापूरची. इंडक्शनचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. दूध, चहा, वरणभाताचा कुकर, मॅगी यांना इंडक्शन फार चांगलं, किचन तापत नाही, एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे ते फार मोठं सुख आहे. पण ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून जाळावर फुगवायची सवय असेल तर इंडक्शनवर ते होत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवता येते पण पापुद्रा तसा सुटत नाही. म्हणून पूर्ण इंडक्शनवर जाऊ नका, एक सुटं ठेवा. भांड्याला लोहचुंबक चिकटतं का बघायचं, चिकटलं तर चालतं. हिंडालियमचा कुकर चालत नाही.

खरकटं_विसळ – ११ जानेवारी, सकाळी ८:३०

डिशवॉशर सहा वर्षं वापरतेय, हिंजवडीला, टँकरचं पाणी. घ्या. पण पाणी तपासून घ्या, आणि टीडीएस मीटरने नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, जडपणा वेगळा, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, त्याच्या पट्ट्या मिळतात. आमचा जडपणा लिटरला ३६० मिलिग्रॅम आला होता, पिण्याच्या पाण्याचं प्रमाण २०० पर्यंत चांगलं धरतात. मशिनच्या पुस्तकात जर्मन डिग्री लिहिलेल्या असतात, मिलिग्रॅमला १७.८ ने भागायचं, आमचं २० आलं, तेवढं सेटिंग केलं. मशिनच्या आत जड पाणी मऊ करायचं रेझिन असतं, ते दर काही दिवसांनी मिठाने धुतलं जातं, म्हणून मीठ. घरातलं मीठ घालू नका, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीचे पदार्थ असतात, जाड डिशवॉशर सॉल्टच घाला. पहिल्या वर्षी मी मिठाचं सेटिंग लावलंच नव्हतं, काचेचे ग्लास कायमचे पांढरट झाले.

स्टील, काच, चिनीमाती उत्तम निघतात. हिंडालियम-ॲल्युमिनियम काळं पडतं, तांबं-पितळ, बिडाचा तवा, लाकडी पोळपाट, नॉनस्टिक हे आत घालायचं नाही. म्हणजे भाजीची लोखंडी कढई आणि तवा हाताने घासावाच लागतो हे धरूनच चाला. वाट्या उपड्या आणि तिरक्या लावायच्या, नाहीतर तळाला पाणी साठतं. आधी विसळायची गरज नाही, खरकटं काढलं की पुरे. पाच माणसांना १३-१४ प्लेस सेटिंगचं (एक सेटिंग म्हणजे एका माणसाची ताट-वाटी-भांडी) घ्या, आमचं दिवसाचं एकदाच लागतं, १०-१२ लिटर पाणी. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तो आकडा बघून घ्या.

शेवटच्या मजल्यावरच्यांनी पाण्याचा दाब बघावा. बऱ्याच मशिनना अर्धा बार लागतो, म्हणजे गच्चीवरची टाकी नळापासून पाच मीटर वर. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, वर अजून मजले असतील तर प्रश्न नाही.

शेवगा – ११ जानेवारी, सकाळी ११:००

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्यांच्या घरचा खर्च आमच्यासारख्या चार घरांवर चालतो. मशिन घेताना हे कुणी मोजतच नाही. मला ते पटत नाही.

खरकटं_विसळ – ११ जानेवारी, दुपारी १२:२०

राग अजिबात नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या ताईंना हात भिजून भिजून बुरशीचा त्रास झाला होता, डॉक्टरांनी पाण्यात काम करू नका सांगितलं म्हणून तर मशिन आलं. त्या अजून येतात, पगार तोच, भाज्या निवडणं, नारळ खवणं, वाटणं करून ठेवणं हे काम त्यांच्याकडे गेलं. पण प्रत्येक घराला हे जमेल असं नाही, तुमचं म्हणणं विचार करण्यासारखंच आहे.

ताकभात – ११ जानेवारी, रात्री ९:५५

शेवगा, बरं झालं तुम्ही बोललात, आमच्या घरातली दोन मतं हीच आहेत. आमच्या मावशी तेरा वर्षं येतायत. आज मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या हिवाळ्यात थंड पाण्याने बोटं वाकत नाहीत, मशिन आणलंत तरी चालेल पण मला काढू नका. काढणार नाही असा शब्द दिलाय, पगारही तोच. तवा, कढया, पितळी भांडी त्यांच्याकडे आणि सकाळी सासूबाईंच्या हाताखाली तासभर.

ओळंबा, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी लगेच टेप मागवला आणि स्वतः शेगडीची उंची मोजली. सव्वाचार इंच भरली! खुर्चीत बसून मळायच्या फळीवर तर त्या फारच खूश आहेत.

आता फ्रीज आणि पाण्याचा फिल्टर राहिला.

कडीपत्ता – १२ जानेवारी, सकाळी १०:१५

फ्रीज थोडक्यात सांगते. स्टारच्या लेबलवर वर्ष लिहिलेलं असतं ते बघा, फ्रीजचे निकष १ जानेवारी २०२३ ला कडक झाले, त्याआधीचा पाच स्टार आणि आत्ताचा पाच स्टार एक नाही. स्टारपेक्षा खाली लिहिलेले वर्षाचे युनिट बघा, दोन मॉडेलमध्ये ५० युनिटचा फरक असेल आणि युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला पाचशेच रुपये वाचतात, त्यासाठी दहा हजार जास्त द्यायचे का हे ठरवता येतं. लिटरमध्ये नेट कपॅसिटी विचारा. आणि लिफ्टचं दार, घराचं दार, किचनची चौकट तिन्ही मोजा, जुन्या बिल्डिंगमध्ये किचनची चौकट अडीच फुटांची असते आणि बरेच साइड बाय साइड फ्रीज तिथेच अडतात.

फिल्टर – तुमच्याकडे खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी असेल तर टीडीएस कमी असतो, आरओ (क्षार काढणारा फिल्टर) लागत नाही, यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणी) पुरे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई करावी. एक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, ते बघून जीव तुटतो.

भडंग – १२ जानेवारी, दुपारी ४:००

सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा एवढंच सांगेन. आमच्याकडे घरघंटी, चिमणी, ओव्हन सगळं निरनिराळ्या कंपन्यांचं आहे आणि ज्याचा मेकॅनिक आमच्या गावात राहतो तेच नीट चालू आहे. दुकानात उभं राहून कस्टमर केअरला फोन लावायचा, आमच्या पिनकोडला माणूस किती दिवसांत येतो विचारायचं, मग पैसे द्यायचे.

ताकभात – २४ मे, रात्री १०:४०

मंडळी, काम झालं! उशिरा लिहितेय पण तुमच्यामुळे झालं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वायरिंग. ४ स्क्वेअर एमएमच्या तीन नवीन लाइन, इंडक्शन, डिशवॉशर, ओव्हनला, सगळे पॉइंट शेजारच्या कपाटात. जुनी वायर काढली तेव्हा फ्रीजच्या पॉइंटमागे ती करपलेली निघाली, वायरमनदादा तुमची फार आठवण झाली. आरसीसीबी बसवला.

ओटा ३४ इंच, तीन बर्नरचा हॉब, पाइप गॅसचे जेट लावूनच घेतला, कुकर आणि कढई दुकानात नेऊन ठेवून बघितली. मोठ्या पातेल्यासाठी जुनी शेगडी ठेवलीय, त्या जोडणीचं काम गॅस कंपनीच्या माणसाने केलं. चिमणी ९० ची, १२०० सक्शनची. इथे चूक होता होता राहिली, खरं तर झालीच होती. मी ऑफिसात असताना बसवणाऱ्याने चार इंचाचं भोक पाडलं, म्हणाला सगळीकडे असंच असतं. संध्याकाळी मी हा धागा त्याला फोनवर दाखवला आणि सहा इंचाचं परत पाडून घेतलं. ते बीममध्ये येत नाही ना हे सोसायटीच्या इंजिनियरने आधीच खूण करून दिलं होतं, त्यामुळे जागा तीच राहिली. आता एकच वळण आहे. गेल्या रविवारी सुरमई तळली, हॉलमधल्या माणसांना ताटं वाढल्यावर कळलं.

डिशवॉशर १३ सेटिंगचा, ड्राय बाल्कनीत. जडपणाची पट्टी आणली, महापालिकेचं पाणी मऊ निघालं पण मे मध्ये टँकर सुरू झाल्यावर परत तपासलं तर एकदम वाढलेलं, सेटिंग बदललं. आरओ घेतला नाही. फ्रीज आहे तोच ठेवला, नऊ वर्षांचा आहे आणि नीट चालतोय, दार मात्र आता पूर्ण उघडतं. एकूण एक लाख अठरा हजार झाले, उरलेल्यातून ट्रॉल्यांना बरा प्लाय घेता आला.

खरकटं_विसळ – २५ मे, सकाळी ९:१०

वाचून फार बरं वाटलं. ड्राय बाल्कनीत पावसाचं पाणी येत नाही ना मशिनवर? आणि ड्रेनचा पाइप वॉशिंग मशिनच्याच आउटलेटला जोडलाय का?

ताकभात – २५ मे, रात्री ९:३०

स्लायडिंग खिडकी लावलीय, पश्चिमेची बाजू आहे त्यामुळे जून बघायचा. आउटलेट एकच पण वाय जोड देऊन दोन तोंडं केलीत, आणि पाइप जमिनीपासून दीड फूट वर नेऊन मग खाली सोडलाय, नाहीतर घाण पाणी मशिनमध्ये परत येतं असं प्लंबर म्हणाला. दोन्ही मशिनचे सॉकेट वेगळे आहेत.

सासूबाईंच्या फळीचं सांगायचं राहिलं. रोज तिथेच कणीक मळतात, मुलगी शेजारी स्टूल घेऊन बसते आणि लाटायला शिकतेय. फळी २८ वर केली होती पण त्यांच्या मते अजून अर्धा इंच खाली हवी, सुताराला रविवारी बोलावलंय.